टेराफॉर्मची पहिली आज्ञा
सर्व्हर, नेटवर्क, डेटाबेस यांची उभारणी हाताने न करता ती मजकुराच्या फायलींत लिहून ठेवायची आणि संगणकाकरवी अमलात आणायची, या पद्धतीचे ‘टेराफॉर्म’ हे साधन हॅशिकॉर्प कंपनीने २०१४ साली प्रसिद्ध केले. या फायली ज्या फोल्डरमध्ये असतात तेथे सर्वप्रथम ‘टेराफॉर्म इनिट’ ही आज्ञा द्यावी लागते. तिने एकही सर्व्हर उभा राहत नाही, केवळ पूर्वतयारी होते. टेराफॉर्मला स्वतःहून ॲमेझॉन किंवा गूगलच्या क्लाउडशी संवाद साधता येत नाही, त्यासाठी ‘प्रोव्हायडर’ नावाचे स्वतंत्र जोडप्रोग्राम लागतात, आणि कोणते लागतील हे फायलींवरून ओळखून ही आज्ञा ते ‘.टेराफॉर्म’ या उपफोल्डरमध्ये उतरवून घेते. उभारलेल्या साधनांची नोंदवही, म्हणजे ‘स्टेट’, कोठे राहील हेही तेव्हाच पक्के होते. खरे मोल मात्र सोबत तयार होणाऱ्या लॉक फायलीचे आहे, कारण तीत प्रोव्हायडरची नेमकी आवृत्ती आणि तिच्या पडताळणीचा सांकेतिक ठसा नोंदलेला असल्याने चमूतील प्रत्येकाच्या संगणकावर तीच आवृत्ती येते. म्हणूनच ही फाइल ‘गिट’ या आवृत्त्या सांभाळणाऱ्या प्रणालीत आवर्जून ठेवावी, तो अवजड उपफोल्डर मात्र ठेवू नये. आज्ञा पुन्हा दिल्याने स्टेट पुसली जात नाही; प्रोव्हायडरच्या नव्या आवृत्तीसाठी मात्र ‘अपग्रेड’ हा पर्याय तिला जोडावा लागतो.