दांतांची राखण : डेंटल हायजिनिस्टचा व्यवसाय

दांत दुखूं लागल्यावांचून दांतांच्या डॉक्टरांकडे सहसा कोणी जात नाहीं. लवंगेच्या तेलानें गुण येईनासा झाला, गाल सुजला, रात्रीची झोप उडाली, म्हणजे दवाखान्याची वाट धरावयाची व दांत उपटून घेऊन परतावयाचें, असाच पुष्कळ घरांतील परिपाठ असतो. या उपचारानें दुखणें थांबतें. पण गेलेला दांत पुन्हां उगवत नाहीं. तें दुखणें मुळांतच उद्भवूं नये म्हणून झटणारा एक स्वतंत्र व्यवसाय आहे. त्याचें नांव डेंटल हायजिनिस्ट.

या व्यवसायाचा उगम अमेरिकेंतील कनेक्टिकट राज्यांतल्या ब्रिजपोर्ट शहरीं झाला. तेथील दंतवैद्य डॉ. आल्फ्रेड फोन्स यांनीं १९०६ सालीं आपल्या सहायिका आयरीन न्यूमन यांना रोग्यांचे दांत खरवडून स्वच्छ करण्याचें शिक्षण दिलें. किडलेले दांत भरीत बसण्यापेक्षां ते किडूंच न देणें अधिक शहाणपणाचें, ही फोन्स यांची धारणा होती. १९१३ मध्यें त्यांनीं या कामाची पहिली शाळा काढली, आणि १९१४ मध्यें तिच्यांतून २७ स्त्रिया शिकून बाहेर पडल्या. त्यांतील कित्येकींना ब्रिजपोर्टच्या शाळांत नेमण्यांत आलें. तेथें त्या मुलांचे दांत साफ करीत, ब्रश कसा फिरवावा हें शिकवीत व खाण्यापिण्याच्या संवयींविषयीं समजावून सांगत. १९१७ सालीं कनेक्टिकट राज्यानें या व्यवसायाचा पहिला परवाना न्यूमन यांना दिला.

आतां या कामाचें शास्त्रीय मर्म पाहूं. दांत कितीहि स्वच्छ घांसले, तरी कांहीं तासांतच त्यांवर सूक्ष्म जंतूंचा एक चिकट थर पुन्हां बसूं लागतो. हे जंतु साखरेपासून आम्ल तयार करितात. तें आम्ल दांतावरील कठीण कवच झिजवितें, आणि कीड लागते. हाच थर हिरड्यांच्या कडेला साचून राहिला, तर हिरड्या सुजतात. डेन्मार्कमध्यें हाराल्ड ल्यो व त्यांचे सहकारी यांनीं १९६५ सालीं प्रसिद्ध केलेला प्रयोग या बाबतींत निर्णायक ठरला. बारा निरोगी माणसांनीं दांत घांसणें मुद्दाम बंद ठेविलें. दहा ते एकवीस दिवसांत त्या साऱ्यांच्या हिरड्या सुजल्या. पुन्हां घांसूं लागतांच सुमारें आठवड्याभरांत त्या पूर्ववत् झाल्या. अर्थात् हिरड्यांतून येणारें रक्त हें घांसणें थांबविण्याचें कारण नव्हे. बहुधा तें घांसणें अपुरें असल्याचेंच लक्षण असतें.

न निघालेला थर लाळेंतील क्षारांमुळें कठीण होतो. त्यालाच कीटण म्हणतात. तें ब्रशानें निघत नाहीं. हत्यारानेंच काढावें लागतें, व तेंच हायजिनिस्टचें मुख्य काम. कीटण काढल्यानें दांत सैल होतात, असा एक समज रूढ आहे. वस्तुतः रोगानें हिरडीखालचें हाड आधींच झिजलेलें असतें, आणि कीटणाच्या आधारानें दांत घट्ट भासत असतात. कीटण निघतांच आधींची हानि उघडी पडते इतकेंच. हाडाची झीज दुखल्यावांचून होते, म्हणूनच ती अधिक घातक. पुष्कळांचे दांत किडीनें न जातां या मूक रोगानें जातात.

हिंदुस्थानांत १९४८ च्या दंतवैद्यक कायद्यानें या व्यवसायास मान्यता दिली. दांत खरवडणें, स्वच्छ करणें, झिलई देणें व दंतस्वच्छतेचें शिक्षण देणें हें त्यांचें काम कायद्यानें सांगितलें. रोगाचें निदान करणें व दांत उपटणें हें मात्र दंतवैद्याचें काम होय.

यांतील शिक्षणाचें काम महाराष्ट्रांत विशेष महत्त्वाचें आहे. भाजलेल्या तंबाखूची मिश्री दांतांना लावण्याची चाल येथें अनेक घरांत, विशेषतः स्त्रियांत, आहे. तिनें दांत स्वच्छ होतात असें मानलें जातें. प्रत्यक्षांत ती तंबाखूचें व्यसन लावते व तोंडाच्या कर्करोगाचा धोका वाढविते. ही गोष्ट आजीबाईंना न दुखवितां, पण स्पष्टपणें सांगणें हेंहि दंतरक्षणच होय.

रात्रीं निजण्यापूर्वीं व सकाळीं फ्लोराइडयुक्त पेस्टनें दांत घांसावे, दोन जेवणांमधील गोड खाणें आवरावें, आणि दुखत नसतांनाहि ठराविक काळानें दांत तपासून घ्यावे. मुलांना ही संवय दुधाच्या दांतांपासूनच लाविली पाहिजे.