शटरमागचा भोंगा

हातकणंगल्याच्या पेठेत रात्री दोनला एखाद्या दुकानाचा सायरन सुरू झाला की पहिली पाच मिनिटं खिडक्या उघडतात. दोघं-तिघं बॅटरी घेऊन खाली येतात. कुलूप शाबूत, शटर खाली, चोर कुठंच नाही. मालक पाहुण्यांकडे सांगलीला आणि मोबाईल बंद. हेच चार वेळा झालं की पाचव्यांदा कुणी खिडकीही उघडत नाही. आणि चोराला तेच हवं असतं.

तसं आमच्या तालुक्याला आवाजाचं नवल नाही. इचलकरंजीत मागाच्या खडखडाटात पोरं गाढ झोपतात. पण मागाला एक ताल असतो, सायरनला तो नसतो. बरं, सायरन नकोच असंही म्हणता येत नाही. हुपरीसारख्या गावात घराघरांत चांदीचं काम चालतं, तिथं तो चैनीसाठी बसवलेला नसतो.

चोर नसताना का वाजतो?

शटरच्या पट्टीला एक लोहचुंबक आणि चौकटीला एक छोटा स्विच असतो. दोघांत अंतर पडलं की पॅनेलला इशारा जातो. शटर सैल असेल, तर वाऱ्यानं किंवा समोरून गेलेल्या उसाच्या ट्रॅक्टरनंही ते तेवढं हलतं. आतल्या कोपऱ्यातला सेन्सर अंगाच्या उष्णतेची हालचाल टिपतो. त्याच्या काचेवरून कोळी चालला, तर सेन्सरच्या दृष्टीनं तो माणसाएवढा असतो. मांजर आणि उंदीर तर नेहमीचेच.

तिसरं कारण बॅटरीचं. काही सायरनांत स्वतःची बॅटरी असते. वायर कापून चोरानं तो बंद पाडू नये, म्हणून पॅनेलकडून येणारा वीजप्रवाह थांबला की तो आपणहून ओरडू लागतो. पॅनेलची बॅटरी जुनी झाली असेल आणि रात्री बराच वेळ लाईट गेली, तर सायरनला ती वायर कापल्यासारखीच वाटते. म्हणूनच शेजाऱ्यानं वैतागून वायर ओढली, तरी आवाज थांबेलच असं नाही.

कायदा काय म्हणतो?

केंद्राच्या 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री 10 ते सकाळी 6 या वेळेत निवासी भागात सरासरी 45 डेसिबलची आणि बाजारपेठेत 55 ची मर्यादा आहे. त्यापेक्षा 10 किंवा जास्त डेसिबल आवाज असेल, तर तक्रार करता येते. आता हिशेब पाहा. सायरन एक मीटरवर 105 डेसिबलचा धरला आणि मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की सहा डेसिबल कमी होतात असं मानलं, तर 32 मीटरवरही 75 उरतात. म्हणजे समोरच्या ओळीतल्या घरालाही मर्यादेच्या कितीतरी वर.

मात्र चोरांसाठीचा सायरन किती मिनिटांत बंद झालाच पाहिजे, हे या नियमांत लिहिलेलं नाही. ब्रिटनमध्ये 2005 च्या कायद्यानं सलग 20 मिनिटांची रेषा आखली. ती ओलांडली आणि त्रास होत असेल, तर पालिकेचा अधिकारी येऊन तो बंद करू शकतो.

वाजत असताना

आधी मालकाला, मग 112 ला फोन करा. खरोखरच चोरी चालू असेल, हे गृहीत धरूनच बोला. कुलूप तोडू नका, शटरला हात लावू नका. उद्या आतलं काही गेलं, तर बोट तुमच्याकडे येईल. आपल्याच दारातून, वेळ दिसेल असा मोबाईलवर व्हिडिओ घ्या.

सकाळी मालकाशी बोला. बहुतेक ठिकाणी चहाच्या कपावर हे मिटतं, कारण आपल्या सायरननं गल्ली जागवली हे त्याला ठाऊकच नसतं. नाहीच ऐकलं, तर तारखा आणि वेळा घालून पोलीस ठाण्यात लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. त्रास रोजचाच झाला, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 152 खाली प्रांतांकडेही जाता येतं.

दुकानदारासाठी

सायरन बसवणाऱ्याला सांगून तो पाच मिनिटांत आपोआप थांबेल असं सेटिंग करून घ्या. मोबाईलवर कॉल जाणारं पॅनेल असेल, तर एक नंबर तुमचा आणि दुसरा गावातच राहणाऱ्या, किल्ली असलेल्या माणसाचा द्या. तेच दोन नंबर शटरवर रंगवा. कोपऱ्यातला सेन्सर महिन्यातून एकदा कोरड्या फडक्यानं पुसा. आणि नवी बॅटरी बसवताना तिच्या अंगावर मार्करनं तारीख लिहा. ती कधी बदलली होती, हे मध्यरात्री कुणालाच आठवत नाही.