जास्वंदीवरचा कापूस

जास्वंदीच्या शेंड्यावर कापूस चिकटल्यासारखं दिसू लागलं, की बाल्कनीत बाग करणाऱ्याच्या पोटात गोळा येतो. हा मिलीबग, म्हणजे पिठ्या ढेकूण. कळ्या गळतात, पानं आकसतात आणि हात विषाच्या बाटलीकडे जातो. त्याआधी भिंग घेऊन त्या पांढऱ्यात जरा डोकावा.

ती पूड म्हणजे किडीच्या अंगातून पाझरलेलं मेण. जेमतेम तीन मिलिमीटरच्या मादीला पंख कधीच फुटत नाहीत. नराला फुटतात, पण पंख आल्यावर त्याला खायला तोंडच उरत नाही. तो थोड्याच दिवसांत मरतो. मादी सोंड झाडाच्या रसवाहिनीत खुपसून बसते. या रसात साखर मुबलक, पण शरीर घडवायला लागणारी काही अमिनो आम्लं फार थोडी. मग ती जगते कशी? लिंबूवर्गीय झाडांवरच्या मिलीबगच्या पेशींत एक जिवाणू राहतो आणि त्या जिवाणूच्या आत आणखी एक जिवाणू! २००१ साली हे उघड झालं. एकच अमिनो आम्ल तयार करायचं, तर त्याच्या पायऱ्या कीड आणि हे दोन जिवाणू मिळून पार पाडतात. आपल्या कुंडीत हे चाललंय, यावर माझा अजून विश्वास बसत नाही.

जास्तीची साखर ती बाहेर टाकते. हाच तो चिकटा. त्यावर काळी बुरशी धरते, आणि मुंग्या येतात. गोडाच्या बदल्यात मुंग्या किडीच्या शत्रूंना हुसकावतात. म्हणून बंदोबस्त मुंग्यांपासून सुरू करावा: कुंडी भिंतीला, ग्रिलला टेकू देऊ नये आणि स्टँडचे पाय साबणाच्या पाण्याच्या वाट्यांत ठेवावेत. साधं पाणी नको, त्यात डासांची अंडी पडतात.

आता त्या कापसात एखादा तुकडा मोठा, झिपऱ्या आणि लगबगीने चालणारा दिसला, तर त्याला चिरडू नका. ती क्रिप्टोलिमस नावाच्या ढालकिड्याची अळी. तिनंही मेणाचाच वेष घेतलेला असतो आणि त्यामुळे मुंग्यांच्या पहाऱ्यातून ती बऱ्याचदा निसटते. दिसते मिलीबगसारखी, खाते मिलीबगलाच. मोठा झालेला किडा काळसर, डोकं नारिंगी. मादी अंडी घालते तीही मिलीबगच्या अंड्यांच्या पुंजक्यात. कॉफीवरच्या खवले किडीसाठी १८९८ मध्ये हा ऑस्ट्रेलियातून भारतात आणला गेला. आज महाराष्ट्रातल्या द्राक्षबागांतही सोडतात.

जहाल विषाचा धोका इथेच आहे. मिलीबग आणि तिची अंडी मेणाखाली बरीचशी वाचतात, मोकळी फिरणारी अळी मात्र मरते. त्यापेक्षा फार भरलेला शेंडा कापून पिशवीत बांधून टाकावा, उरलेल्या किडीवर पाण्याचा जोरदार फवारा मारावा, तरीही राहिलेली स्पिरिटच्या बोळ्याने टिपावी. भागलं नाही, तर लिटरभर पाण्यात पाच मिली निंबोळी तेल आणि थोडा सौम्य द्रवसाबण घालून, ढवळत ढवळत, पानांच्या खालच्या बाजूने फवारा. आधी एका पानावर करून दिवसभर थांबा. ऊन उतरल्यावरच फवारा, आणि झिपरी अळी असलेली फांदी तेवढी सोडा.