भरल्या बादलीखाली थांबू नका

बीड जिल्ह्यात बालाघाटचे डोंगर आहेत. पाऊस थोडा. आष्टी, पाटोदा, शिरूर या भागात विहीर म्हणजे शेतकऱ्याचा मोठा आधार. उन्हाळ्यात पाणी खोल जाते. तेव्हा नव्या विहिरी खोदतात, जुन्यांचा गाळ काढतात.

गडी तळाशी उतरतात. मुरूम आणि फोडलेला दगड लोखंडी बादलीत भरतात. काठावरची यारी ती बादली वर ओढते. दिवसभर बादली वर जाते, रिकामी होऊन खाली येते. खालच्या गड्याचा जीव या बादलीवर आणि तिच्या दोरावर असतो.

बादली किती जड असते? एक लिटर पाणी एक किलो भरते. समजा, बादलीत 40 लिटर पाणी मावते. तीच बादली फोडलेल्या दगडाने भरली, तर आतला माल 60 किलोच्या आसपास होतो. बादलीचे वजन वेगळेच. गाळ ओला असला तर तोही जड भरतो.

एवढी बादली पडली तर काय होईल, हे सर्वांना कळते. पण लहान दगडाची भीती कोणाला वाटत नाही. इथेच घात होतो. 40 फुटांवरून दगड सुटला, तर तो दीड सेकंदात तळाशी येतो. खाली येईतो त्याचा वेग तासाला 55 किलोमीटर होतो. म्हणजे रस्त्याने धावणाऱ्या एसटीचा वेग! वरून "अरे, सरक!" अशी हाक येईपर्यंत दगड पोचलेला असतो. म्हणून हाकेवर विसंबू नये. आधीच बाजूला व्हावे.

मग काय करावे?

बादली काठोकाठ भरू नये. चार बोटे रिकामी ठेवावी. वर शीग लावली की दगड घरंगळतो. बादलीच्या बुडाला चिकटलेली माती आणि खडे उचलण्याआधी झाडून टाकावे.

पहार, टिकाव बादलीत उभे करून पाठवू नयेत. ते काठाला अडकतात आणि बादली कलंडते. हत्यारे दोराने नीट बांधून पाठवावी.

रोज सकाळी कामाआधी दोर, आकडा आणि कडी बघावी. तारेच्या दोराचे धागे तुटले असतील, तर तो दोर बदलावा. आकड्याला खटका हवा. खटका नसेल तर बादली काठाला टेकताच कडी निसटू शकते. वाकलेली, झिजलेली कडी तारेने बांधून चालवू नये.

यारीवाल्याला खूण एकानेच करावी. दोघांनी दोन खुणा केल्या की घोटाळा होतो. मात्र "थांब" कोणीही म्हणावे, आणि यारीवाल्याने लगेच थांबावे.

बादलीत बसून कोणी चढू-उतरू नये. ती माल ओढण्यासाठी आहे, माणसासाठी नाही. उतरायला भक्कम शिडी लावावी.

डोक्यावर हेल्मेट घालावे. लहान खडा लागला तर डोके वाचते. पण भरली बादली अंगावर आली, तर हेल्मेट पुरे पडत नाही. म्हणून बादली उचलली की सर्वांनी तिच्याखालून लांब, कडेला जावे. ती काठाबाहेर जाईपर्यंत हातातले काम थांबवावे. रिकामी बादली खाली येतानाही असेच करावे.

कोणी म्हणेल, "काम फुटावर घेतले आहे. दर बादलीला थांबलो तर मजुरी कशी सुटेल?" खरे आहे. पोट सर्वांनाच आहे. पण बादली वर जाईपर्यंत थोडा वेळ लागतो. तेवढा दम खाल्ला तर दिवसात दोन-चार बादल्या कमी निघतील. गडी जायबंदी झाला, तर कामच बंद पडेल. घरी बसलेल्या माणसाची मजुरी कोण देणार? मुकादमानेही हा हिशेब करावा.

विहिरीला उद्या पाणी लागेल. ते प्यायला खणणारे हात धड राहिले पाहिजेत.