पाकी हवीच, पण पसाऱ्याची धास्ती कशाला?

दारात पाहुणी आली की आपल्यापैकी अनेकींच्या तोंडी सलामच्या पाठोपाठ एकच वाक्य येते, “घरात पसारा पडलाय, बघू नका हं.” हा पसारा तरी काय असतो? कोपऱ्यात दोन वह्या, बाजेवर घडी न केलेले कपडे, अंगणात मुलांनी मांडलेले मातीचे घर. तेवढ्यानेही आपल्याला चोरट्यासारखे होते आणि पाहुणी गेल्यावर तो राग मुलांवर निघतो.

नांदूरघाटसारख्या गावात घर लख्ख ठेवणे सोपे नाही. उन्हाळ्यात वारा सुटला की रानातली धूळ सरळ घरात येते. सकाळी पुसलेल्या फरशीवर दुपारी बोटाने नाव लिहिता येते. त्यातच पाण्याची चणचण. पाणी येईल त्या वेळी हातातले काम टाकून हंडे, पिंपे भरून ठेवावी लागतात. स्वयंपाक, भांडी, धुणे आणि पुन्हा झाडलोट यात दिवस सरतो आणि मुलांच्या वाट्याला येते ती दमलेली, चिडलेली अम्मी.

हे एकट्या आपल्याच घरातले चित्र नाही. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ मध्ये लोकांचा दिवस कशात जातो याची देशभर पाहणी केली. घरकाम करणाऱ्या स्त्रियांचे त्यात रोज सरासरी २९९ मिनिटे, म्हणजे जवळजवळ ५ तास जातात असे आढळले. घरकामाला हात लावणारे पुरुष मुळात चारांत एक, आणि त्यांचा वेळ ९७ मिनिटे. मुलांची व घरातल्या इतरांची देखभाल करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी रोज सरासरी १३४ मिनिटे देतात, तर पुरुष ७६ मिनिटे. या देखभालीत न्हाऊ घालणे, भरवणे, आजारपण हे सगळे आले. मुलाशी निवांत बोलणे त्यातले किती, हे ज्याने त्याने आपल्या घरात मोजावे.

यावर कुणी म्हणेल, “पण पाकी तर ईमानचा अर्धा भाग आहे ना?” बेशक आहे. मात्र पाकी आणि टापटीप या दोन गोष्टींची आपण गल्लत करतो. कपड्याला नजासत लागू न देणे, नमाजची जागा पाक ठेवणे, पिण्याचे पाणी झाकणे, जेवणाआधी हात धुणे, तान्ह्याचे लंगोट वेळेवर बदलणे, ही पाकी. यात सवलत नाही. हयगय केली तर जुलाब, खरूज, ताप मुलांनाच होतो. पण उशांचे अभ्रे एकसारखे असणे, मांडणीवरच्या भांड्यांची रांग न मोडणे, खेळणे जमिनीवर न दिसणे, ही टापटीप. ती डोळ्यांना छान वाटते, पण एक दिवस राहिली म्हणून कुणाचे काही बिघडत नाही. पसरलेल्या खेळण्यांनी नमाज होत नाही असे नाही. ती बाजूला सारा आणि जानमाज अंथरा.

वर्गात ‘माझी अम्मी’, ‘माझी आई’ हा निबंध दिला की बहुतेक वह्यांत तेच वाचायला मिळते. आई पहाटे उठते, झाडते, भांडी घासते, सगळ्यांच्या नंतर जेवते. मुलांना आईचे कष्ट दिसतात, याचे समाधान वाटते. पण ‘ती माझ्याशी खेळते’, ‘मला गोष्ट सांगते’ असे वाक्य क्वचितच सापडते. आणि ज्या घरात बोलणे होते, त्या घरातले मूल वर्गातही ओळखू येते. ते प्रश्न विचारते, चुकले तरी बोलते. राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२० सांगते की मुलाच्या मेंदूचा ८५ टक्क्यांहून अधिक विकास वयाच्या सहाव्या वर्षाआधी होतो. म्हणजे मूल शाळेत येण्यापूर्वीची ही वर्षे आपल्या घरात, आपल्या ओट्याशीच जातात.

प्रेषित मुहम्मद (स.) यांच्यापेक्षा कामाचा भार कुणावर होता? तरीही लहानग्या अबू उमैरजवळ थांबून ते त्याच्या पाखराची विचारपूस करीत. सजद्यात असताना नातू पाठीवर बसला, तर त्याचे मन मोडू नये म्हणून त्यांनी सजदा लांबवला. आणि हजरत आयेशा (रजि.) यांना विचारले गेले की ते घरात काय करीत, तेव्हा त्यांनी सांगितले की ते घरच्यांना कामात मदत करीत आणि नमाजची वेळ झाली की निघत. घरातल्या अब्बूंनी, भाईंनी ही हदीस विशेष लक्षात घ्यावी. बाईला मुलांसाठी वेळ हवा असेल तर पाण्याचे दोन हंडे दुसऱ्या कुणी उचलले पाहिजेत. सासूबाईंनीही “आमच्या वेळी असे नव्हते” म्हणण्याऐवजी “तू बस पोराजवळ, मी भाजी निवडते” म्हटले, तर सुनेचा निम्मा भार हलका होईल.

थोडे नियोजन केले तर बरेच साधते. असरनंतरची किंवा मगरिबनंतरची अर्धी घटका मुलांची म्हणून ठरवावी. त्या वेळी मोबाइल आणि झाडू दोन्ही बाजूला. खेळण्यांसाठी एक टोपली आणि एक कोपरा द्यावा, रात्री ती टोपली मुलांनीच भरावी. कामातही मुलांना सोबत घ्यावे. लसूण सोलताना पाढे होतात, कपड्यांच्या घड्या घालताना सूरह पाठ होते, तांदूळ निवडताना शाळेतली भांडणे कळतात. काम थोडे वाकडेतिकडे होईल, होऊ द्यावे.

आपल्या बीड जिल्ह्यातून दरवर्षी ऊसतोडीला जाणाऱ्या आया आठवाव्यात. दिवाळीच्या सुमारास त्या कारखान्यावर जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता, खाडा झाला तर दंड. कित्येकींची लेकरे गावात आजीजवळ किंवा हंगामी वसतिगृहात राहतात आणि हंगाम संपेपर्यंत वाट पाहतात. लेकराला जवळ घेऊन बसण्याची सवड त्यांना पोटासाठी सोडावी लागते. आपली मुले तर अंगणातच आहेत, हाकेच्या अंतरावर. ती मोठी होऊन शिकायला, कमवायला पुण्या-मुंबईला जातील, मुली सासरी जातील, तेव्हा घर आपोआप आवरलेले राहील. तोवर मुलाने “अम्मी, इकडे ये ना” म्हटले, तर हातातला झाडू खाली ठेवून जावे. धूळ उद्याही असणारच आहे.

अल्लाह आपली घरे पाक ठेवो आणि मुलांच्या आवाजाने भरलेली ठेवो. आमीन.