शून्य निकाल आले म्हणजे पुस्तक नाही, असं नव्हे

संदर्भाच्या वाटा : लेखांक ५

मराठीच्या एम. ए.ला प्रबंधिकेसाठी कुणी ना कुणी शाहिरी वाङ्मय हा विषय घेतो आणि थोड्याच दिवसांत ‘ग्रंथालयात साहित्यच नाही’ म्हणून सोडूनही देतो. नीट चौकशी केली की कळतं, ऑनलाइन सूचीच्या शोधचौकटीत ‘मराठी शाहिरी वाङ्मयाचा इतिहास’ असं लिहिलं, खाली शून्य निकाल आले, आणि तिथेच शोध थांबला. पुस्तकं रॅकवर असतातच. चांगला विषय असा वाया गेलेला पाहून हळहळ वाटते. म्हणून या आठवड्यात हा एकच विषय हाती धरून विद्यापीठाच्या सूचीत शोध कसा घ्यायचा ते पाहू.

आपल्याकडच्या विद्यापीठांत ग्रंथसूचीसाठी कोहा, सोल, स्लिम अशा वेगवेगळ्या संगणकप्रणाली आहेत. पडदा वेगळा दिसला तरी आतला कारभार सारखाच असतो. प्रत्येक पुस्तकाची एक नोंद असते. मुखपृष्ठाच्या आतल्या पानावरून तालिकाकाराने, म्हणजे सूचीत नोंद करणाऱ्याने, उतरवलेलं शीर्षक, लेखक, प्रकाशक, वर्ष आणि त्याला जोडलेली विषयशीर्षकं, वर्गांक, दाखलांक, एवढंच तिच्यात असतं. तुम्ही टंकलेली अक्षरं या नोंदीतल्या अक्षरांशी जुळतात का, इतकंच यंत्र पाहतं. पुस्तकात काय आहे ते त्याला ठाऊक नसतं आणि तुमच्या मनात काय आहे तेही नसतं. शिवाय बहुतेक सूचींत तुम्ही दिलेले सगळे शब्द एकाच नोंदीत असावे लागतात. चार शब्द दिले म्हणजे यंत्राला जास्त मदत झाली असं आपल्याला वाटतं, प्रत्यक्षात आपण चार अटी घातलेल्या असतात. शोध एका शब्दाने सुरू करावा, निकाल फार आले तरच दुसरा शब्द घालावा.

आता ते चार शब्द एकेक करून पाहा. ‘मराठी’ आणि ‘इतिहास’ तर काढूनच टाका, कारण मराठी पुस्तकाच्या नावात ते असतीलच असं नाही. ‘वाङ्मय’ त्याहून घातक. त्यातला ङ कळफलकावर कुठे आहे हे न सापडल्याने कितीतरी ठिकाणी त्याचं ‘वाड्मय’ होतं, कुठे ‘वाङमय’ होतं, तर कुठे जोडाक्षर एकावर एक चढू नये म्हणून दोन अक्षरांच्या मध्ये डोळ्यांना न दिसणारं चिन्ह घातलेलं असतं. टंकताना आपण जिथे अडखळतो तिथे नोंद करणाराही अडखळलेला असतो, असं धरून चालावं आणि असा शब्द शोधात घेऊच नये.

उरला ‘शाहिरी’. ‘शाहीर’मध्ये ही दीर्घ, ‘शाहिरी’ आणि ‘शाहिरांचा’ यांत हि ऱ्हस्व. मराठीत प्रत्यय लागला की शब्दाचं अंगच बदलतं, आणि यंत्राच्या दृष्टीने ते दोन वेगळे शब्द ठरतात. यावर उपाय म्हणजे शब्द मध्येच तोडून पुढे तारा (*) देणं. कोहात ही सोय आहे. पण ‘शाह*’ इतक्यावर तोडलं तर शाहू महाराज आणि शाहजहानही येऊन बसतात. म्हणून ‘शाहीर*’ आणि ‘शाहिर*’ असे दोन शोध वेगवेगळे घ्यावेत. शाहिरीतले प्रकारही असेच शोधावेत. ‘पोवाड*’ने पोवाडा, पोवाडे आणि पोवाड्यांतील ही तिन्ही रूपं सापडतात. ‘लावण*’ने लावणी आणि लावण्या येतात, शिवाय ‘लावण्य’ही येतं, ते नजरेनेच वगळायचं. जुन्या पुस्तकांसाठी तर शब्द तोडणं फारच गरजेचं आहे. १९६२चे शुद्धलेखनाचे नियम येण्यापूर्वी ‘महाराष्ट्रांतील’, ‘काळांतील’ असे अनुस्वार छापले जात आणि तालिकाकार ते जसेच्या तसे उतरवतो. ‘महाराष्ट्र*’ लिहिलं की अनुस्वाराची अडचणच उरत नाही.

पोवाड्याचं आणखी एक आहे. जोतीराव फुल्यांनी १८६९ साली शिवाजी महाराजांवर जो रचला, त्याच्या नावात ‘पवाडा’ आहे. केवळ ‘पोवाडा’ शोधणाऱ्या विद्यार्थ्याच्या यादीतून फुलेच गळतात. शाहिरीवर लिहिताना याहून मोठी चूक दुसरी कुठली असेल? दोन्ही रूपं एकदम हवी असतील तर त्यांच्या मध्ये रोमन लिपीतल्या मोठ्या अक्षरांत ‘ऑर’ घालावा. नुसती जागा सोडून दोन्ही शब्द लिहिले तर दोन्ही असलेलीच नोंद यंत्र शोधत बसेल.

काही फरक तर डोळ्यांना दिसतच नाहीत. म. वा. धोंडांचं ‘मऱ्हाटी लावणी’ हे या विषयातलं टाळता न येणारं पुस्तक. त्यातलं ‘ऱ्ह’ संगणकावर दोन तऱ्हांनी उमटवता येतं. छापल्यावर दोन्ही सारखी दिसतात, पण यंत्राच्या लेखी ती निराळी अक्षरं आहेत. नोंद एका पद्धतीने आणि तुमचा शब्द दुसऱ्या पद्धतीने लिहिलेला असेल, तर नाव बिनचूक लिहूनही हाती काही लागणार नाही. इथे ‘लावणी धोंड’ एवढंच लिहावं. तसंच ‘ॲक्वर्थ’मधल्या ‘ॲ’चं. वडाळ्याचं कुष्ठरोग रुग्णालय ज्यांच्या नावाने ओळखलं जातं, त्याच ॲक्वर्थ साहेबांनी शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्यासह पोवाड्यांचा मोठा संग्रह १८९१ मध्ये छापला. सूचीत साहेबांचं नाव कसं लिहिलं असेल ते सांगवत नाही, आणि शाळिग्रामांचा ‘ळ’ही कुठे ‘ल’ झालेला असतो. मग ‘पोवाड*’ घेऊन निकाल प्रकाशनवर्षाप्रमाणे लावावेत, जुन्यापासून नव्याकडे. पुस्तक वरच्याच ओळींत दिसेल.

लेखकाच्या नावाने शोधायचं तर आडनाव पुरे. आद्याक्षरं नकोत, कारण ‘य.न.’ आणि ‘य. न.’ यांत मधल्या एका जागेचाही फरक पडतो. ऐतिहासिक पोवाडे संपादित करणारे केळकर कुठे आद्याक्षरांनी नोंदलेले असतात, कुठे यशवंत नरसिंह असे पूर्ण नावाने. ‘केळकर पोवाड*’ने दोन्ही नोंदी सापडतात.

एक पुस्तक हाती लागलं की खरा शोध सुरू होतो. बहुतेक जण कॉल नंबर टिपून घेतात आणि निघून जातात. तसं करू नका, नोंद पूर्ण उघडा. खाली विषयशीर्षकं दिसतील, बरीचशी इंग्रजीत असतील. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसची विषययादी वापरणाऱ्या ग्रंथालयात पोवाड्यांसाठी ‘बॅलड्स, मराठी’ अशा धर्तीचं शीर्षक भेटतं. त्यावर टिचकी मारली की त्या विषयाखाली नोंदलेली सगळी पुस्तकं समोर येतात, मग कुणाच्या नावात पोवाडा असो, पवाडा असो की दोन्ही नसोत. तुम्हाला कधीच सुचले नसते असे शब्द ही नोंद तुम्हाला देते.

दुसरी वाट वर्गांकाची. ड्युई पद्धतीत मराठी साहित्य ८९१.४६ला आणि मराठी कविता ८९१.४६१ला. पण पोवाडा हा कविता आहे, लोकसाहित्य आहे आणि इतिहासाचं साधनही आहे. अफजलखानवधाचा किंवा सिंहगडाचा पोवाडा एखाद्या तालिकाकाराने लोकसाहित्य म्हणून ३९८मध्ये ठेवला, दुसऱ्याने भारताचा इतिहास म्हणून ९५४मध्ये, तर दोघांपैकी कुणाला चूक म्हणणार? या तिन्ही जागी जायला हवं. कोहात प्रतीच्या नोंदीशेजारी रॅक पाहण्याचा दुवा असतो. तो उघडला की आजूबाजूची पुस्तकं ओळीने दिसतात. तरीही मी सांगेन की एकदा प्रत्यक्ष रॅकपाशी उभं राहून यावं.

सूचीत काय नसतं हेही माहीत हवं. पुस्तकाच्या आतला मजकूर सहसा नसतो. फुल्यांचा पवाडा स्वतंत्र पुस्तक म्हणून मिळाला नाही तर धनंजय कीर आणि स. गं. मालशे यांनी संपादित केलेल्या ‘महात्मा फुले समग्र वाङ्मय’मध्ये तो आहे, पण त्या ग्रंथाच्या नोंदीत ‘पवाडा’ हा शब्द असेलच असं नाही. नियतकालिकांचंही तसंच. सूचीत अंकांची नोंद मिळते, त्यातल्या लेखांची क्वचितच. अशा वेळी समग्र, निवडक, गौरवग्रंथ असले शब्द घालून पाहावेत आणि अनुक्रमणिका हाताने चाळावी.

परदेशात शिकणाऱ्या वाचकांसाठी थोडं वेगळं. लायब्ररी ऑफ काँग्रेसने १९६२ मध्ये दिल्लीत कार्यालय उघडलं आणि पीएल-४८० या अमेरिकी धान्य-मदत कायद्याखाली भारतात जमलेल्या रुपयांतून खरेदी केलेली मराठी पुस्तकं अमेरिकेतल्या विद्यापीठांत जाऊ लागली. शिकागोसारख्या ठिकाणी मराठीचा मोठा साठा आहे. तिथल्या जुन्या नोंदी रोमन लिपीत आहेत, पण आपण मोबाइलवर मराठी लिहितो त्या रोमनमध्ये नव्हेत. ‘च’साठी नुसता सी, पुढे एच नाही. ‘व’साठी कायम व्ही. ‘ज्ञ’ची सुरुवात जे आणि एनने होते, डीने नव्हे. शब्दाच्या शेवटचा न उच्चारलेला अ सुद्धा लिहिलेला असतो, म्हणजे ‘इतिहास’ हा शब्द ए या अक्षरावर संपतो. वरच्या रेघा आणि खालची टिंबं टंकायची गरज सहसा नसते. ॲक्वर्थ यांच्या १८९४च्या इंग्रजी भाषांतराच्या नावात मात्र पोवाडा हा शब्दच नाही. ते ‘बॅलड्स ऑफ द मराठाज’ आहे आणि लेखकाच्या नावानेच गाठावं लागतं.

प्रत कुठे आहे ते शेवटी पाहून घ्या. मुंबई विद्यापीठाचं ग्रंथालय फोर्टात राजाबाई टॉवरपाशीही आहे आणि कालिन्यातही, चुकीची लोकल पकडलीत तर दिवस गेला. ‘संदर्भासाठी’ असा शेरा असेल तर पुस्तक घरी मिळणार नाही, तिथेच बसून टिपणं काढायची तयारी ठेवा. सूचीत ‘उपलब्ध’ दिसतंय आणि रॅकवर नाही, असं झालं तर दाखलांक घेऊन देवघेव विभागात जा. पुस्तक बांधणीला गेलेलं किंवा दुसऱ्याच ओळीत खोवलेलं असतं, आणि तिथल्या माणसांना अशा जागा ठाऊक असतात. त्याच फेरीत, ‘वाड्मय’ झालेल्या ज्या नोंदी सापडल्या असतील त्यांचे दाखलांकही कागदावर लिहून द्या. दुरुस्ती करायची इच्छा त्यांना असते, पण हजारो नोंदींत चूक नेमकी कुठे आहे हे शोधणाऱ्याखेरीज कुणाला दिसत नाही.

पुढच्या आठवड्यात प्रबंधांकडे वळू आणि त्यांचं ऑनलाइन भांडार, ‘शोधगंगा’, उघडू.