बोटांचा कारभार कोपराखालून

बिदरचा कारागीर मोरचुदाने काळ्या केलेल्या भांड्यावर छिन्नीने नक्षी कोरतो आणि खाचेत चांदीची तार ठोकून बसवतो, तेव्हा आपली नजर त्याच्या बोटांवर खिळते. पण त्या बोटांना ओढणारे बरेचसे स्नायू असतात कोपर आणि मनगट यांच्या मध्ये. डावा तळवा उजव्या कोपराखाली ठेवा आणि उजवी बोटं एकेक करून मिटा. कातडीखालची हालचाल लगेच हाताला लागेल.

स्नायूंतली वीज टिपणारा ईएमजीचा (इलेक्ट्रोमायोग्राफीचा) पट्टा बांधतात तो इथेच. मेंदूचा हुकूम स्नायूपर्यंत पोचला की त्याच्या तंतूंत वीज उसळते. कातडीवरच्या इलेक्ट्रोडपर्यंत त्यातली फार तर काही मिलिव्होल्ट येते, आणि तिच्यात घरातल्या विजेची ५० हर्ट्‌झची घरघर मिसळते. यंत्र हा सिग्नल वाढवतं, गाळतं, त्याचे छोटे तुकडे पाडतं. लाट किती उंच गेली, किती वेळा शून्य ओलांडून गेली, हे प्रत्येक तुकड्यात मोजतं. मूठ, चिमूट, उघडा पंजा यांचे नमुने त्याला आधी शिकवलेले असतात. जो जुळेल ती हालचाल. हा सगळा हिशेब साधारण ३०० मिलिसेकंदांत उरकावा लागतो, नाहीतर या सिग्नलवर चालणारा कृत्रिम हात मागे रेंगाळल्यासारखा वाटतो.

म्युनिकच्या राइनहोल्ड राइटर यांनी स्नायूंच्या विजेवर चालणारा कृत्रिम हात १९४८ मध्येच मांडला होता. पुढे कॅनडाच्या थॅल्मिक लॅब्जने आठ सेन्सरांचा ‘मायो’ पट्टा बाजारात आणला. २०१८ मध्ये त्याची विक्री थांबली.

औराद, भालकी, आळंदकडच्या शेतकऱ्याला या विद्येचं मोल वेगळं सांगायला नको. मळणी यंत्र आणि कडबा कुट्टी पंजा गिळतात, पण कोपराखालचे स्नायू उरले तर मेंदूचे हुकूम ते पाळतच राहतात. नसलेली मूठ माणूस मनात वळतो आणि पट्ट्याला ती कळते.

अडतं ते साध्या गोष्टींशी. घाम आला, पट्टा बोटभर सरकला, हात डोक्यावर नेला, की ओळख चुकू लागते. एकाच्या हातावर शिकलेलं यंत्र दुसऱ्याच्या हातावर गोंधळतं. म्हणून असा हात घ्यायचा झाल्यास किती सेन्सर आणि किती हालचाली, हे नंतर विचारा. आधी तो घालून कलबुर्गीच्या उन्हात तासभर काम करून बघा.